घाटी उतरायची तयारी
वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

भात कापून झालं, झोडणी उरकली, की आमच्या खेडकडे डोंगरावर जायचे दिवस सुरू होतात. या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं त्याबद्दलचीच आहेत. मी तालुक्यातल्या एका शाळेत २७ वर्षं पी.टी. शिकवली आणि दर हिवाळ्यात मुलांना गडांवर नेलं. त्या अनुभवाच्या जोरावर उत्तरं देते आहे. जिथे डॉक्टरांचं काम आहे तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

प्रश्न : बाई, मी ४४ वर्षांची, गुहागरला बँकेत आहे. दोन वर्षं रोज पहाटे किनाऱ्यावरून पाच किलोमीटर चालते. वजन आटोक्यात आहे. तरी मागच्या महिन्यात रसाळगडावरून उतरताना मांड्या थरथरायला लागल्या आणि पुढचे तीन दिवस मला ब्रँचच्या पायऱ्या उतरता येईनात. डिसेंबरअखेरीला मैत्रिणींबरोबर रसाळ-सुमार-महिपत हे तीन गड करायचं ठरलंय. माझं दोन वर्षांचं चालणं फुकट गेलं का?

उत्तर : मुळीच नाही. चढताना दम लागल्याचं तुमच्या पत्रात कुठेच नाही, म्हणजे छाती तयार आहे. कमी पडल्या त्या मांड्या, आणि त्याचं कारण एवढंच की तुमचा किनारा सपाट आहे.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू लांब होत जातो आणि लांब होता होताच सगळं वजन धरून ठेवतो. कुंभार्ली घाट उतरणारी एस.टी. खालच्या गिअरमध्ये स्वतःला आवरत येते ना, तसं. या आवरण्यात स्नायूचे बारीक तंतू दुखावतात. दुखणं त्या दिवशी फारसं कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उफाळतं. तुमचे ब्रँचच्या पायऱ्यांचे तीन दिवस ते हेच. यात घाबरण्यासारखं काही नाही. उलट एकदा असा मार खाल्लेला स्नायू पुढचे काही आठवडे तेवढ्याच उतरणीला कमी दुखतो. उतरायची सवय उतरूनच होते. चालून, पळून, सायकल मारून ती पूर्णपणे होत नाही.

वाळूला मी कमी लेखत नाही. कोरड्या भुसभुशीत वाळूत चालायला कडक जमिनीच्या दुपटीहून जास्त शक्ती लागते. पोटऱ्या आणि घोटे त्याने चांगले तयार होतात. पण वाळू पाऊल गिळते आणि धक्का गुडघ्यापर्यंत पोचूच देत नाही. गडावरच्या कातळावर तो पोचतो. शिवाय पुळण समुद्राकडे कलती असते, त्यामुळे एकाच दिशेने चालत राहिलं की एक पाय कायम खालच्या अंगाला पडतो. म्हणून ज्या वाटेने जाल त्याच वाटेने परत या.

हे मला फार उशिरा कळलं. मी ४१ वर्षांची असताना आम्ही चौघी मैत्रिणी नागेश्वरच्या डोंगरावर गेलो होतो. तेव्हा मी रोज शाळेच्या मैदानाला बारा फेऱ्या धावत होते. चढताना सगळ्यांच्या पुढे मी. पायथ्याच्या चोरवणे गावाकडे उतरताना मात्र अर्ध्या वाटेवर डावा गुडघा भरून आला आणि पाय टाकवेना. उरलेली वाट मी कुठे बसून घसरत, कुठे मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून उतरले. गावात पोचलो तेव्हा घराघरांत दिवे लागले होते. त्या रात्री मला आजी फार आठवली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर गवताचा भारा, आणि जांभ्याच्या पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून, ती सत्तरीतही सरळ उतरायची. आम्ही पोरं धावलो की म्हणायची, "सावकाश गो, घाटी पळून नाय जात." तिची पावलं लहान असत, गुडघे किंचित वाकलेले, आणि तळवा पूर्ण टेकल्याशिवाय दुसरा पाय उचलायचा नाही. पुढे मी मुलांना उतरायला शिकवलं ते हेच.

आता तुमचं. तुमच्या हातात सात-आठ आठवडे आहेत. किनाऱ्यावरचं चालणं आठवड्यातून तीन दिवस ठेवा. दोन दिवस पाखाडी धरा. गुहागर परिसरात वाडीवाडीतून जांभ्याच्या पाखाड्या आहेत, शे-दीडशे पायऱ्यांची एखादी पुरे. पहिल्या आठवड्यात तीन वेळा चढा-उतरा, हातात काही न घेता. मग दर आठवड्याला एक खेप वाढवा. पाच खेपा सहज व्हायला लागल्या की पाठीवर सॅक घ्या आणि त्यात एकेक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या भरा. एक लिटर म्हणजे एक किलो, हिशेब सोपा. पहिले काही दिवस वर पोचल्यावर पाणी झाडांना घाला आणि रिकाम्या सॅकने उतरा. तीन आठवडे असं झालं की मग पाणी खालीही आणायला लागा. चौथ्या आठवड्यात सगळंच निम्म्यावर आणा, कारण स्नायू भरतो तो विश्रांतीत.

घरी, खळ्यातून पडवीत चढायच्या पायरीवर एक व्यायाम करा. एका पायावर पायरीच्या कडेला उभं राहायचं, दुसऱ्या पायाची टाच चार अंक मोजत खाली न्यायची, जमिनीला नुसती टेकवायची आणि वर यायचं. वजन वरच्या पायावरच. गुडघा आत पडू द्यायचा नाही, तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा. प्रत्येक पायाला आठ-दहा वेळा, दिवसाआड. सुरुवातीला खांबाला हात लावा. गुडघा आत पडत असेल तर दोष बहुधा कुल्ह्याच्या बाजूच्या स्नायूंचा असतो. त्यासाठी कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा, पंधरा-पंधरा वेळा.

काठी घ्या. विकतच्या दोन असतील तर उत्तम, नाहीतर खांद्याइतक्या उंचीचा बांबू. उतरताना काठी आधी खाली टेकवायची आणि मग पाय. गुडघ्यावरचा भार चांगला कमी होतो. आणि सुमारगडासाठी गावातला वाटाड्या घ्याच. तिघांत तोच अवघड, तिथे वाट उभी आहे आणि चुकायलाही होते.

एक मात्र ध्यानात ठेवा. गुडघा सुजला, मध्येच अडकला किंवा चालता चालता दगा द्यायला लागला, तर हे सगळं थांबवून हाडांच्या डॉक्टरांकडे जा. मी नागेश्वरनंतर चार महिने अंगावर काढलं, ते चुकलं.

प्रश्न : मालवणहून लिहितोय. वय २३, वजन ६२ किलो, चार वर्षं जिमला जातो. मित्रांबरोबर तीन दिवसांचा ट्रेक आहे, तंबू आणि जेवण आम्हीच उचलणार. सॅक भरून पाहिली तर १७ किलो झाली आणि अर्ध्या तासात खांदे दुखायला लागले. खांद्यांचे कुठले व्यायाम वाढवू?

उत्तर : खांद्यांना सोड, आधी सॅक उघड. साधारण आपल्या अंगाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत ओझं ठीक. तुझ्यासाठी ते १२ किलोच्या आसपास येतं. तंबू एकट्याने का उचलतोस? कापड एकाने, दांड्या दुसऱ्याने, खिळे-दोऱ्या तिसऱ्याने. तिघांनी तीन चाकू आणि तीन मोठ्या बॅटऱ्या न्यायच्या नाहीत. डबाबंद खाणं काढ. तांदूळ, मुगाची डाळ, कुळथाचं पीठ, सुकट, गूळ यांत कमी वजनात जास्त जेवण होतं, आणि कुळथाची पिठी दहा मिनिटांत होते.

मग सॅकचा कमरपट्टा. तो पोटावर बांधतात ती चूक आहे. कमरेच्या दोन हाडांचे वरचे कंगोरे हाताला लागतात, पट्टा त्यांच्यावर बसला पाहिजे आणि तोच आधी घट्ट करायचा. खांद्याचे पट्टे त्यानंतर, नुसते अंगाला लागतील इतकेच. बहुतेक ओझं कमरेवरून पायांत जायला हवं, खांद्यांनी सॅक मागे कलू द्यायची नाही एवढंच काम करायचं. जड वस्तू पाठीला चिकटून, पाठीच्या मधोमध. झोपायची पिशवी तळाला. सॅकच्या बाहेर लटकणारा टोप आणि बाटली प्रत्येक पावलाला तुला बाजूला ओढते.

जिमने तुला ताकद दिली आहे, पण तिथे एक सेट चाळीस सेकंदांत संपतो. डोंगरावर सेट सहा तासांचा असतो. आठवड्यातून एकदा भरलेली सॅक घेऊन तीन-चार तास चाल. मसुऱ्याचा भरतगड तुझ्या तालुक्यातलाच. एकदा चढून भागणार नाही, तीनदा चढ-उतर कर. पहिल्या रविवारी सहा किलो, नंतर दर रविवारी एक-दीड किलो वाढव. बूट ट्रेकचेच घाल आणि मोजेही तेच. पायाला फोड यायचे असतील तर ते मसुऱ्यात येऊ देत.

आणि पाहिलं आहेस ना, मालवणच्या बाजारात माशांच्या पाट्या डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बायका? त्यांची मान आणि पाठ कशी असते ते नीट बघ. ओझं उचलायचं शास्त्र आपल्याकडे रस्त्यावर चालतं, ते शिकून घे.

प्रश्न : मी ६२ वर्षांचा, एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त, राहणार चिपळूण. बीपीची गोळी सुरू आहे. नातवाला पायी रायगड दाखवायची फार इच्छा आहे. मुलगा नको म्हणतो. हातात नाडी दाखवणारं घड्याळ आहे, त्यावर लक्ष ठेवून चढलो तर चालेल का?

उत्तर : इच्छा सोडू नका, पण आधी डॉक्टरांकडे जा आणि त्यांना नेमकं सांगा की १४०० हून जास्त पायऱ्या चढायच्या आहेत. "थोडं फिरायला जातोय" असं सांगू नका. ते बहुधा ईसीजी काढतील आणि फिरत्या पट्ट्यावर चालवून तपासणी करतील. ती झाल्याशिवाय सराव सुरू करू नका.

घड्याळावर विसंबू नका. बीपीच्या काही गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत. शरीर थकलेलं असतं आणि घड्याळात आकडा मात्र शांत दिसतो. त्यापेक्षा बोलून बघा. चढताना नातवाला एक पूर्ण वाक्य न अडखळता सांगता आलं तर वेग बरोबर आहे. दोन शब्दांत दम तुटला तर थांबा. छातीत, जबड्यात, डाव्या हातात दुखलं, गार घाम फुटला, तर तिथेच बसा आणि मदत मागा. "थोडं राहिलंय" म्हणून पुढे जाऊ नका.

डॉक्टरांनी होकार दिला तर तीन महिने द्या. सपाटीवर रोज अर्धा तास, मग परशुरामाची चढण आठवड्यातून दोनदा. रायगडावर पहाटे निघा, दर शंभर पायऱ्यांवर बसा. आणि उतरताना रोपवेने या. चढून जाण्यातलं समाधान त्याने तसूभर कमी होत नाही. साठीनंतर गुडघे उतरणीत जातात, आणि नातवाबरोबर अजून बरेच गड बघायचे आहेत तुम्हाला.

प्रश्न : लांज्याहून. ट्रेकला पाणी किती न्यायचं? इलेक्ट्रॉलची पाकिटं हवीतच का?

उत्तर : आपल्या कोकणात हवेतच इतका ओलावा असतो की घाम वाळत नाही, नुसता गळतो. वाळला नाही तर अंग थंडही होत नाही. म्हणून घाटमाथ्यावरच्या माणसाच्या हिशेबाने पाणी नेऊ नका. एका सकाळी तासभर चढ-उतर करून आधीचं आणि नंतरचं वजन बघा. जितके किलो कमी झालं तितके लिटर घाम गेला, मध्ये प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. ते तुमचं माप. तहान लागेल तसं घोट घोट प्या. पण चार-पाच लिटर नुसतं पाणी भराभर ढोसणंही धोक्याचं, रक्तातलं मीठ उतरतं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चहाचा चमचा. त्यात कोकमाचं आगळ घाला, चव येते. शिवाय भाकरी-लोणच्यातून मीठ जातंच पोटात.

प्रश्न : बाई, मी देवगडची, कॉलेजला आहे. जानेवारीत हिमालयात केदारकंठाला जाणार. मी रोज सहा किलोमीटर धावते. समुद्राकाठी राहून उंचीची सवय कशी करायची? मैत्रीण म्हणते मास्क लावून धाव.

उत्तर : मास्कने उंचीची सवय होत नाही. त्याने श्वास घ्यायला त्रास होतो, हवेचा दाब तोच राहतो. केदारकंठा सुमारे ३८०० मीटर. तिथे हवेचा दाब देवगडच्या ६३ टक्क्यांच्या जवळपास असतो, म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी येतो. याची सवय फक्त उंचीवर राहून होते, आणि हळूहळूच होते. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, तेही त्यासाठी पुरत नाही. उंचीचा त्रास साधारण २५०० मीटरच्या पुढे सुरू होतो.

आता हे नीट वाच, कारण तुझ्यासारख्या धावणाऱ्या मुलींनाच याचा धोका असतो. तंदुरुस्त माणसाला उंची लागत नाही असं अजिबात नाही. तंदुरुस्त माणूस भराभर वर जातो आणि म्हणून त्याला लवकर लागते. ३००० मीटरच्या पुढे झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वर नको. ज्या गटाबरोबर जाणार आहेस त्यांच्याकडून रोजच्या मुक्कामाची उंची आधी लिहून माग. डोकं दुखणं, मळमळ, झोप न येणं सुरू झालं तर लगेच सांग आणि त्या दिवशी वर जाऊ नकोस. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली उतरायचं. लाजेखातर गप्प राहणाऱ्या मुली मी पाहिल्यात. तू तशी राहू नकोस. गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचार, मैत्रिणीला नको.

धावणं चालू ठेव, पण त्यातले दोन दिवस चढण-उतरणीला दे. गुहागरच्या ताईंना वर लिहिलंय ते सगळं तुलाही लागू आहे, आणि तुला तर बर्फात उतरायचंय. आणि कपडे! थंडी आपण कोकणातल्या माणसांनी पाहिलेलीच नसते. सुती बनियन घामाने भिजलं की तिथे गारठा धरून ठेवतं. अंगालगत सुती नको, लवकर वाळणारं घाल. त्यावर लोकर, त्यावर वारा अडवणारं. तेच कपडे चढवून एकदा आंबोलीला पहाटे चालून ये.

प्रश्न : मी हर्णैजवळच्या गावातली, वय ३६. मला डोंगर चढायची फार हौस. पण गावात बाई नुसतीच चालायला निघाली की लोक विचारतात, "काय गो, खंय चाललीस? घरात काम नाय?" ट्रॅकपँट घातली तर हसतात. घरचेही म्हणतात, शेतात कमी चालतेस का. मी काय करू?

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. शेवटी ठेवलं, कारण माझ्या मनात ते सगळ्यात जास्त रेंगाळलं.

माझी आजी दिवसातून दोनदा घाटी चढायची. तिला कुणी विचारलं नाही, कारण डोक्यावर भारा होता. बाईने ओझ्याशिवाय, स्वतःसाठी चालणं लोकांना अजून पाहवत नाही. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका आणि थांबूही नका. शेतातलं काम हा व्यायाम नाही असं मी म्हणणार नाही. लावणीला दिवसभर वाकणारी कंबर, चिखलातून पाय उपसणाऱ्या मांड्या, हा पाया जिमवाल्यांकडे नसतो. पण त्यात उतार नाही, सलग तास नाहीत आणि तुमच्या मनाची मोकळीक नाही.

एक मैत्रीण शोधा. दोघी असल्या की लोक निम्मंच विचारतात. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीची चढण धरा. मंगळवारी आणि शनिवारी दर्शनाला जाते म्हटलं की प्रश्न मिटतो, आणि दर्शन खरोखर घ्या, वरून समुद्र आणि सुवर्णदुर्ग बघत दहा मिनिटं बसा. सलवार-कमीज चालेल, ओढणी मात्र गाठ मारून बांधा. चपला नकोत, मागे पट्टा असलेले किंवा बंद बूट हवेत. पहाटे सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, जात असाल तर बॅटरी आणि काठी घ्याच. आपल्याकडच्या कातळावर फुरसं असतं आणि ते दगडासारखंच दिसतं. चावलंच तर दोरी बांधू नका, जखम कापू नका, बांगड्या-अंगठ्या काढा, पाय हलवू नका आणि १०८ ला फोन करून थेट सरकारी दवाखाना गाठा.

पावसात जांभ्यावर शेवाळ धरतं, तेव्हा घरातल्या पायरीवरच सराव करा. डिसेंबरपर्यंत ही चढण न थांबता जमली तर मला पुन्हा लिहा. जानेवारीत आम्ही काही बायका रसाळगडाला जातो, सगळ्या तिशी ते साठीच्या. वाडीपर्यंत गाडी जाते. भाकऱ्या घरून आणतो. तुमच्या मैत्रिणीलाही घेऊन या.